सासरे म्हणतात घराला काही होत नाही, मग वर मजला चढवायचा का?

पत्र: काका, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. घराचा मागचा भाग सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला, धाब्याचा म्हणजे मातीच्या सपाट छताचा, दगडमातीच्या जाड भिंती आणि आत सागवानी खांब. पुढचा भाग पाडून २००४ साली आरसीसी केला, खाली तीन गाळे, वर आम्ही राहतो. पुढच्या स्लॅबचे मागचे बीम जुन्याच भिंतीत बसवलेत, तेवढे दोन कॉलम वाचले म्हणे. आता दिराचं लग्न ठरलंय तर वर अजून एक मजला चढवायचं घरात चाललंय. मी शिक्षिका आहे, शाळेतर्फे आपत्ती व्यवस्थापनाचं ट्रेनिंग झालं, त्यात भूकंपात पडलेल्या घरांचे फोटो दाखवले आणि त्यातली निम्मी घरं मला आमच्याच घरासारखी वाटली. सासरे म्हणतात, "मन्हा आजानी बांधेल घर शे हाई, याले काय व्हस?" ठेकेदार म्हणतो नऊ बाय नऊचे कॉलम आहेत, आरामात अजून दोन मजले घेतील. आपलं घर कितपत टिकेल हे ओळखायचं कसं आणि विचारायचं कोणाला? – एक सून

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की नेहमीचाच प्रश्न आहे, दुसऱ्यांदा मात्र त्या बीमवाल्या वाक्यावर अडकलो. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं आहे. त्याच्यावर येतो, आधी तुमच्या सासऱ्यांचं बोलू, कारण घरात निर्णय त्यांचाच चालणार हे पत्रावरून दिसतंच आहे.

सासरे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत हो. घर खरंच शंभरच्या आसपास असेल तर त्याने १९३८ चा मार्च बघितलाय. त्या महिन्यात सातपुड्यात ६ च्या वरचा भूकंप झाला होता, आपल्या अगदी उशाला. त्यातून घर वाचलं ही गोष्ट त्याच्या बाजूने जाते, मान्य. पण तो भूकंप जमिनीत बराच खोल होता, वर पोचेपर्यंत त्याचा जोर कमी झाला आणि मुख्य म्हणजे १९३८ चं तुमचं घर आणि आजचं घर एक नाही. तेव्हा सागवान तरुण होतं, पुढे आरसीसी चिकटवलेलं नव्हतं, गच्चीवर पाण्याची टाकी नव्हती आणि धाब्यावर आजच्याइतकी माती नव्हती. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकायची आणि जुनी कधी काढायचीच नाही, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय ना? एकदा सळई खुपसून बघा किती जाड थर झालाय ते. १० बाय १० च्या खोलीवर एक फूट माती असेल तर ती साधारण ५० क्विंटल भरते, पावसाने भिजली की अजून जास्त. म्हणजे ५० क्विंटल गहू छतावर पसरून त्याच्याखाली आपण झोपतोय, आणि मी तर काही घरांत दीड-दीड फूट माती पाहिलीये.

वजनाचं एवढं का सांगतोय, तर भूकंप घराला बाहेरून येऊन ढकलत नाही, तो खालून जमीन ओढतो आणि वरचं वजन जिथल्या तिथे राहू बघतं. एसटीत उभ्याने जाताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की मोकळ्या हाताचा माणूस सावरतो आणि डोक्यावर गाठोडं असलेली बाई आधी पडते, तसंच. वर जितकं जड तितका खालच्या भिंतीवर आणि खांबावर आडवा जोर जास्त. घर उभ्या भारासाठी शंभर वर्षं टिकलं याचा अर्थ ते आडव्या हिसक्यालाही टिकेल असा होत नाही, हे दोन वेगळे पेपर आहेत आणि तुमच्या घराने दुसरा पेपर फारसा दिलेलाच नाहीये.

आता भूकंप येणार का, कधी येणार, हे विचारू नका, तारीख सांगणारा व्हॉट्सॲप मेसेज आला तर सरळ डिलीट करा, तारीख कोणालाच सांगता येत नाही. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जमिनीत जुन्या भेगा आहेत, जबलपूरचा १९९७ चा ५.८ चा भूकंप याच नर्मदेच्या पट्ट्यातला, आणि २००२ च्या नकाशात खान्देशाचा बराचसा भाग झोन तीनमध्ये दाखवलाय, म्हणजे मध्यम धोका. पण नकाशावरही फार विसंबू नका. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हादरली तेव्हा नकाशात तो भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात. भूकंप ६.२ चा, जगात असे दर वर्षी कितीतरी होतात, आणि तिथे साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, ती भूकंपामुळे कमी आणि भिंतींमुळे जास्त.

मी तेव्हा नोकरीला नवा होतो, पुनर्वसनाच्या कामावर काही महिने तिकडे ड्युटी लागली होती. एक भिंत अजून आठवते. अर्धी पडलेली, त्यामुळे कापलेल्या केकसारखी आतून दिसत होती. बाहेरच्या बाजूला दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी रांग आणि मध्ये नुसती माती, कपच्या, उंदरांची बिळं. दोन्ही रांगांना आरपार जोडणारा एकही लांब दगड नाही. हिसका बसला तसा भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी बाहेरची रांग बाहेर गेली, आतली आत झोपलेल्यांवर. भिंत तीन फूट जाड होती बरं का! जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हे माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेलं. आणि काही घरांत असंही दिसलं की भिंती सगळ्या ढासळल्यात पण लाकडी खांबांवर छत तसंच उभं आहे, कारण छताचं वजन खांबांवर होतं, भिंत नुसती आडोसा.

म्हणून तुमच्या मागच्या भागाची तपासणी इथून सुरू करा: छत कोणावर टेकलंय? प्रत्येक आडव्या लाकडाचं टोक बघा, ते खांबावर आहे की भिंतीत घुसलंय. खांबावर असेल तर निम्मी काळजी कमी. मग खांबाचं बूड बघा, जिथे तो जमिनीतल्या दगडावर बसतो, स्क्रू-ड्रायव्हर टोचा, भसकन आत गेला तर वाळवी किंवा कूज, रंग कितीही चकचकीत असला तरी. मग घराचे बाहेरचे कोपरे. कोपऱ्यात उभी भेग असेल, वर रुंद होत गेलेली, तर दोन भिंती एकमेकींचा हात सोडत चालल्यात. वरून दोरीला ओळंबा सोडून बघा भिंतीला पोट आलंय का. पोट म्हणजे तोच पापुद्रा सुटायला लागलाय. आणि एखाद्या ठिकाणी गिलावा पडला असेल तर दगडांच्या सांध्यातला माल किल्लीने खरवडून बघा, भुरभुर पडला तर माती, किल्ली घसरली तर चुना किंवा सिमेंट. हे सगळं सासऱ्यांना सोबत घेऊन करा हां, तुम्ही एकट्या टॉर्च घेऊन फिरलात तर त्यांना वाटेल सूनबाई घर पाडायला निघाली. त्यांना विचारा हा खांब कुठून आणला होता, हे दार कधी बदललं, ते खूश होऊन सगळं सांगतील आणि तुम्हाला माहितीही मिळेल.

इंजिनियर लोकही पहिल्या फेरीत साधारण असंच करतात, फक्त त्याला रॅपिड व्हिज्युअल स्क्रीनिंग म्हणतात. अर्धा तास घराभोवती फिरायचं, हातात एक फॉर्म, घराच्या प्रकाराला आणि मजल्यांना आधी ठरलेले मार्क, मग खाली मोकळे गाळे असतील तर मार्क कापा, बाहेर आलेले जड सज्जे असतील तर कापा, आकार वेडावाकडा असेल, शेजारच्या घराला चिकटलं असेल, देखभाल नसेल तर कापा, जमीन भुसभुशीत असेल तर अजून कापा. शेवटी जे उरतं त्यावरून ठरतं की घर आहे तसंच चालेल, नीट तपासायचं की तातडीने काही करायचं. शाळेच्या भाषेत ही घटक चाचणी, नापास झालात तर वार्षिक परीक्षा, म्हणजे कागदावर पूर्ण आकडेमोड. दगडमातीच्या घरांना या सगळ्या पद्धतींमध्ये सगळ्यात खालचा वर्ग मिळतो, त्यात तुमच्या घराचा अपमान नाही, वर्गच तो आहे. झोन तीनला जेवढा हादरा धरलाय तेवढ्यात या वर्गातल्या बऱ्याच घरांना मोठ्या खोल भेगा जातात आणि काही थोडी अर्धवट पडतात.

पुढचा भाग. ट्रेनिंगमध्ये फोटो कदाचित अहमदाबादचे असतील. २००१ च्या २६ जानेवारीला भूकंप झाला भुजकडे आणि दोनशे किलोमीटरच्या पुढे अहमदाबादेत नव्या आरसीसी बिल्डिंगी बसल्या, खाली पार्किंग मोकळं आणि वर फ्लॅट असलेल्या पुष्कळ. तुमचं घर त्याचीच छोटी आवृत्ती आहे: वर भिंतींनी गच्च, खाली तीन शटर. हलायची वेळ आली की वरचा मजला एका ठोकळ्यासारखा हलतो आणि सगळं वाकणं त्या गाळ्यांच्या कॉलमांच्या वाट्याला येतं. त्यातून नऊ बाय नऊ, गिलावा सोडला तर तेवढंही नाही. २०१६ च्या कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या भारतीय नियमांत, भूकंपाचा विचार करून बांधलेल्या कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर म्हणजे बारा इंच धरलीये. ठेकेदार "आरामात घेतील" म्हणतो ना, ते उभं वजन घेतील असं म्हणतोय, आडव्याबद्दल त्याने विचारच केलेला नाही, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कोणी ते शिकवलेलंच नसतं.

कॉलमच्या आत काय आहे ते कसं बघायचं? सोपं आहे, गच्चीवर जा. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया असतीलच, आपल्याकडे कोणतं घर त्याशिवाय पूर्ण होतं! त्यांच्या बुडाशी सळयांना वेढून बांधणारी एखादी रिंग दिसते का बघा. तिची टोकं कशी वाकवलीत? नुसती काटकोनात वाकवून ठेवली असतील तर जोराचा हिसका बसला की वरचं काँक्रीट सुटतं आणि रिंग उघडते, मग आतल्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम संपला. टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली हवीत, १३५ अंशात. रिंगा किती अंतरावर आहेत तेही मोजा, बीमजवळ चार-चार इंचावर असायला हव्यात, आपल्याकडे आठ-नऊ इंचावर सर्रास असतात. आणि वीस वर्षं ऊन-पावसात राहिलेल्या त्या सळया नखाने खरवडून बघा, गंजाचे पापुद्रे निघत असतील तर त्यांना जोडून वर कॉलम उभा करायची गोष्ट तिथेच थांबवा.

आता तो बीम. मागचे बीम जुन्या भिंतीत बसवून दोन कॉलम वाचवले, म्हणजे तुमच्या वरच्या खोलीचा अर्धा भार आज दगडमातीच्या भिंतीवर आहे. अशा भिंतीचे दोन पापुद्रे कसे सुटतात ते वर सांगितलंच. त्यात पुढचा भाग लवचिक, मागचा ताठ आणि जड, दोघांचा हलण्याचा ताल वेगळा. एक बैल शेताकडे ओढतोय आणि दुसरा घराकडे, आणि जू म्हणजे ते दोन बीम. हादऱ्यात ते भिंतीतून निसटतील किंवा आतून भिंतीला ढुशा मारून तिलाच पाडतील, दोन्हीत स्लॅब खाली. मला विचाराल तर भूकंप बाजूला ठेवा, पावसाळ्यात ती भिंत भिजली तरी मला तिची काळजी वाटेल. मजल्याचा विषय नंतर, आधी त्या दोन बीमांखाली स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया. हे काम होईपर्यंत त्या भिंतीला लागून कोणाचा पलंग नको.

आणि वर मजला चढवायचाच म्हणाल तर नुसता हिशोब बघा: ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब एकटाच १७ टनांच्या आसपास जातो, भिंती, टाइल्स, फर्निचर वेगळं. आत्ताच्या कॉलमवर माझं उत्तर नाही असंच आहे. दिराला मागच्या भागात नीट दुरुस्ती करून खोल्या काढून द्या किंवा दुसरीकडे जागा बघा. लग्नाच्या खर्चात हे पैसे कुठून आणायचे ते मला सांगता येणार नाही, पण मंडप थोडा छोटा झाला तर नवरदेवाचं काही बिघडत नाही.

भेगांचं एक सांगून ठेवतो, नाहीतर उगाच घाबराल. अमळनेर-चोपड्याकडे काळी माती, उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, त्यामुळे घरांना भेगा जातात त्या दर वेळी भूकंपाच्या नसतात. मे महिन्यात उघडणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी भेग मातीची. ओळखायचं असेल तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीने चिकटवा, पेन्सिलने तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. पण मातीने कमजोर केलेल्या भिंतीला भूकंप वेगळी सवलत देत नाही, म्हणून ही भेग सुद्धा फॉर्ममध्ये लिहायची असते. तापीकाठचा गाळ शेकडो फूट खोल आहे, मऊ थरावर हादरा वाढतो, अहमदाबादही साबरमतीच्या गाळावरच वसलंय.

विचारायचं कोणाला, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला. प्लॅन काढून नगरपरिषदेत पास करून देणारे वेगळे आणि स्ट्रक्चरचा हिशोब करणारे वेगळे, नीट विचारून घ्या. जळगावच्या शासकीय इंजिनियरिंग कॉलेजात किंवा धुळे-शिरपूरच्या कॉलेजात सिव्हिल विभागात जाऊन चौकशी करा. त्यांना सांगा की रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट, म्हणजे काँक्रीट न फोडता केलेली तपासणी, हवी, सळया शोधायचं मशीन लावून कॉलममधली सळई मोजून हवी. हॅमरची टेस्ट फक्त काँक्रीटच्या वरच्या थराचं सांगते, तेवढ्यावर "ओके" असा कागद कोणी दिला तर घेऊ नका. माझ्याच घराच्या वेळी असा एक कागद मला मिळाला होता, सुंदर शिक्का, खाली सही, आणि साहेब गच्चीवर चढलेच नव्हते. मी त्याच क्षेत्रातला माणूस असून फसलो, तुम्ही सोबत चढा.

तोवर स्वतः करता येण्यासारखं: धाब्यावरची जादा माती उतरवा, सावकाश, सगळीकडून सारखी, एका बाजूचा ढीग दुसऱ्या बाजूला लावून नाही. खाली जाड प्लास्टिक, वर चार-सहा इंचाचा थर, पाण्यासाठी तेवढा पुरतो. आधी इंजिनियर येऊन लाकूड बघून गेला तर उत्तम. टाकी २००० लिटरची असेल तर भरल्यावर दोन टन आहे, ती जुन्या भिंतीवर असेल तर उतरवून जमिनीवर स्टँड करा. मागच्या भिंतींना दाराच्या वरच्या पातळीला आत-बाहेर वेल्डमेशची जाळी लावून सिमेंटचा पट्टा फिरवतात आणि भिंतीत आरपार भोकं पाडून वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरतात, किल्लारीनंतर त्या भागात शिकवलेली ही पद्धत आहे, फार महागही नाही, पण गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, कुठे किती हे इंजिनियरने आखून द्यायला हवं. गाळ्यांमध्ये एक-दोन ठिकाणी पक्की भिंत घालता येईल का हेही त्यालाच विचारा, भाडेकरू कुरकुर करतील, करू द्या.

आणि घरात पलंगाच्या डोक्याशी गोदरेजचं कपाट असेल तर ते आज संध्याकाळीच हलवा, त्याला ना इंजिनियर लागतो ना परवानगी.

बीम भिंतीत जिथे शिरतात तिथले फोटो काढा, शेजारी टेप किंवा पेन ठेवून, म्हणजे माप कळेल, आणि गच्चीवरच्या त्या रिंगांचे पण. पाठवा, बघून सांगतो. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि विचारा की धाब्यावरची माती शेवटची कधी काढली होती.